पडद्यावरच्या ठिपक्याचं वय किती? कमांड-कंट्रोल यंत्रणेत डेटाचा दर्जा सांभाळण्याची रीत

उन्हाळ्यात सोलापुरात नव्यानं बदलून आलेला माणूस पेपर उघडतो आणि चक्रावतो. ‘उजनी उणे ३० टक्के.’ धरणातलं पाणी उणे कसं असेल? इथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, आणि उरलेल्या साडेत्रेपन्नावर टक्के. म्हणजे उणे ३० असतानाही धरणात ४७ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. आकडा बरोबर, मोजणी बरोबर. तरीही शून्य कुठं धरलंय हे न कळलेला अधिकारी त्या आकड्यावरून साफ चुकीचा हुकूम काढू शकतो.

लष्कराच्या सिग्नल्स (दळणवळण) शाखेतली नोकरी संपवून मी गावी परतल्यापासून इथली इंजिनिअरिंगची पोरं अधूनमधून येतात. ‘सर, कमांड-कंट्रोलचं सॉफ्टवेअर करायचंय, सुरुवात कुठून करू?’ हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्कराची आकाशतीर, म्हणजे चहूकडची माहिती एका पडद्यावर आणून हुकूम द्यायला मदत करणाऱ्या यंत्रणा, ही नावं मे २०२५ नंतर घरोघरी पोचली, त्यामुळे उत्साह दांडगा आहे. लॅपटॉपवर नकाशा असतो, रंगीत ठिपके असतात, कोपऱ्यात एआयचं बटण असतं. मी एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारतो: हा किती जुना? कुणी पाहिला? त्याला स्वतःला किती खात्री होती? उत्तर येत नाही. पडदा मात्र छातीठोकपणे सांगत असतो की गाडी इथंच आहे. पुढे जे काही सांगतोय ते एवढ्यासाठीच, की पडद्यानं आपल्याजवळच्या माहितीपेक्षा जास्त खात्री दाखवू नये.

शिकायला गुप्त काहीच लागत नाही. पाच मित्र, दोन मोटरसायकली, सोलापूरचा नकाशा, एक स्प्रेडशीट आणि ‘ऑप्स रूम’ म्हणून घरातली एक खोली. दोन मोटरसायकली ‘आपल्या’, एक मित्र पायी फिरणारा निरीक्षक, एकजण स्वतःच्या गाडीनं कुणालाही न सांगता हिंडणारा ‘अज्ञात’, आणि एकजण खोलीत बसून नकाशा राखणारा. दोन तास पुरतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र हा खेळ करू नका, पोलिसांना त्या दिवसांत आधीच पुष्कळ काम असतं.

पहिली पायरी: आधी निर्णय लिहा

बहुतेकजण उलटं करतात. कुठला डेटा मिळतोय ते बघायचं, सगळा ओढून आणायचा आणि मग त्याचं करायचं काय याचा विचार. त्याऐवजी कोरा कागद घ्या आणि ज्याच्यासाठी यंत्रणा बनतेय तो माणूस नेमके कोणते निर्णय घेणार ते एकाखाली एक लिहा. आपल्या सरावातले निर्णय साधे आहेत. अशोक चौकात कुणाला पाठवायचं? पार्क चौकातली वाट बंद झाली तर दुसरी कुठली द्यायची? दिसलेली तिसरी गाडी आपली की परकी? प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: ठिकाण किती मीटर चुकलं तर चालेल, माहिती किती जुनी चालेल, आणि चुकलं तर किंमत काय.

रसदीचा ट्रक पाचशे मीटर इकडंतिकडं नि दहा मिनिटं जुना दिसला तरी भागतं. तोफखान्याचं तसं भागत नाही. हवाई संरक्षणात तर दहा सेकंदांत लढाऊ विमान दोन-तीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ‘चांगला डेटा’ असं सुटं काही नसतं, अमुक निर्णयाला पुरेसा डेटा असतो.

आणि हवी तेवढीच अचूकता मागा. फॉर्मवर वीस रकाने सक्तीचे केलेत, तर रात्री दोन वाजता पावसात उभा असलेला जवान त्यातले बारा अंदाजानं भरणार. त्याला कशाला बोल लावायचा? रकाना भरल्याशिवाय ‘पाठवा’चं बटण दाबताच येत नाही, हे आपणच ठरवलेलं असतं. सक्तीचे रकाने पाचच ठेवा: काय, कुठं, केव्हा, कुणी पाहिलं, खात्री किती. आणि पाचही ठिकाणी ‘माहीत नाही’ हा पर्याय द्या. हा पर्याय द्यायला साहेबलोक फार कचरतात, मी पुष्कळ बैठकांत पाहिलंय.

दुसरी पायरी: ठिकाण

इथं वेळ घालवा. निम्म्या चुका इथंच होतात असं माझं मत आहे.

‘एमआयडीसीत पोच’ म्हटलं तर माणूस कुठं जाईल? अक्कलकोट रोडला, की पुणे रस्त्यावर चिंचोळीला? ‘होटगी’ म्हणजे गाव की होटगी रोड? ‘टाकळी’ म्हणजे भीमेवरच्या बंधाऱ्याची, पंढरपूरला लागून असलेली लक्ष्मी टाकळी, की मोहोळ तालुक्यातली टाकळी सिकंदर? स्थानिक माणूस बोलण्याच्या ओघात बरोबर ओळखतो. यंत्रणेला ओघ नसतो. म्हणून सरावाआधी ठिकाणांची एक यादी करा, प्रत्येकाला एक संकेत द्या (आपल्याकडे ‘सात रस्ता’ला स-७ ठेवलं होतं) आणि नोंदीत संकेतच येऊ द्या. गावकऱ्यांनी वापरलेलं नाव शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं राहू द्या, ते पुसू नका. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या शहरात एकाच पेठेचं नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि कधीतरी मूळ शब्द काय होता हे बघायची वेळ येते.

मग अक्षांश-रेखांश. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटांवर आहे. कुणीतरी ते १७.४० असं टंकतो. मिनिटं साठाची आणि दशांश शंभराचा, त्यामुळे ठिपका सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, भीमेकाठी जाऊन बसतो. नकाशावर तो अजिबात वेडावाकडा दिसत नाही हीच पंचाईत. कुठला तरी एकच नमुना ठरवा, आणि दशांशात लिहायचं ठरलं तर निदान चार घरं लिहायची सक्ती करा, म्हणजे १७.४० असं अर्धवट लिहिलेलं दारातच अडेल.

तिसरा सापळा जुन्या नकाशांचा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीचा आकार धरायच्या जुन्या मापावर) बेतलेले, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर चालतं. त्याच जागेचे दोन पद्धतींतले आकडे सोलापूरच्या आसपास शंभर मीटरहून जास्त अंतरानं वेगळे पडतात. म्हणून निर्देशांकाच्या शेजारी तो कुठल्या पद्धतीतला हे लिहिलेलं असायलाच हवं. यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत, वापरणार असाल तर आपला सगळा जिल्हा ४३ व्या पट्ट्यात येतो, तेवढी कटकट वाचते.

आता बोलण्याचं. मराठीत आपण एकक आधी बोलतो: त्रेचाळीस, म्हणजे आधी तीन, मग चाळीस. कन्नड-तेलुगूत दशक आधी येतं. एकानं मराठीत सांगितलं, दुसऱ्यानं मनातल्या मनात तेलुगूत उलटवलं आणि लिहिलं, की ४३ चे ३४ व्हायला कितीसा वेळ? शिवाय एकोणसत्तर आणि एकोणऐंशी वायरलेसच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा सुटा बोलायचा, ‘चार, तीन’, आणि ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. परत वाचल्याशिवाय नोंद पक्की नाही. सिग्नल्समध्ये हे पहिल्या आठवड्यात अंगात मुरवतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते जुनाट वाटतं, पण लिंक तुटली की शेवटी तोंडानंच आकडे सांगावे लागतात.

तिसरी पायरी: प्रत्येक नोंदीला तीन निरनिराळ्या वेळा

घटना केव्हा घडली, निरीक्षकानं केव्हा कळवली, खोलीत केव्हा पोचली. तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकच वेळ ठेवणाऱ्या यंत्रणेत दहा मिनिटं अडकून पडलेला निरोप पोचताक्षणी ताजा दिसतो.

साठवताना सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), दाखवताना भारतीय वेळेत. एका सरावात आमच्या लॉगमध्ये अर्ध्या नोंदी झुलू वेळेत (यूटीसीचंच लष्करी नाव, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आणि अर्ध्या आपल्या वेळेत पडल्या, आणि रात्रभर कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी हिशोब लावला तर ताफा निघण्याआधीच काही तास मुक्कामी पोचलेला. तेव्हा हसलो, कारण सराव होता.

घड्याळं जुळवायची गोष्ट इतकी क्षुल्लक वाटते की कुणी ती तपासत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकी बराकीवर इराकी स्कड क्षेपणास्त्र पडलं आणि २८ सैनिक मेले. तिथली पॅट्रियट, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा, सलग १०० तासांहून जास्त चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, आणि ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमका मावत नाही. दर वेळी शेपटाचा एक बारीक तुकडा कापला जायचा. शंभर तासांत त्या तुकड्यांचे ०.३४ सेकंद झाले. स्कडचा वेग सेकंदाला सुमारे १६७६ मीटर, त्यामुळे यंत्रणा आकाशात अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकीच्या जागी शोधत राहिली. ठरावीक तासांनी यंत्रणा बंद करून चालू केली तरी भागलं असतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

तुमच्या सरावात मोबाइलची घड्याळं आपोआप जुळतात. मुद्दाम एकाचं सात मिनिटं पुढे करा आणि खोलीतल्याला ते किती वेळात कळतं ते बघा.

चौथी पायरी: ओळखक्रमांक एकदाच

ठिपक्याला दिलेला क्रमांक त्या दिवसात दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. ठिपका नकाशावरून गेला तरी नाही. ३ जुलै १९८८ ला इराणचं प्रवासी विमान अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेनं पाडलं, २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं, तसं नौकेच्या स्वतःच्या यंत्रणेतही नोंदलं गेलं होतं. पण खोलीत ते खाली येतंय असं सांगितलं जात होतं. नंतरच्या विश्लेषणांत जे धागे निघाले त्यातला एक असा: विमानाचा मूळ क्रमांक दुसऱ्या नौकेच्या नोंदीशी जुळवताना बदलला, आणि तो सुटलेला क्रमांक दूरवरच्या, खाली उतरणाऱ्या दुसऱ्या विमानाला मिळाला. जुन्या क्रमांकाबद्दल विचारणा झाली असेल तर उत्तर बरोबर आणि विमान चुकीचं. त्या खोलीत ताण, गोंधळ आणि पूर्वग्रह यांचाही मोठा वाटा होता, सगळं क्रमांकावर ढकलता येणार नाही. तरी क्रमांक जपणं आपल्या हातात असतं.

दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत असं ठरवून त्या जोडल्यात, तर कुणी जोडल्या नि का ते लिहा आणि त्या परत सुट्या करता येतील अशी सोय ठेवा.

पाचवी पायरी: सांगणारा आणि सांगणं वेगळं तोला

नाटो देशांच्या सैन्यांत एक जुनी रीत आहे. स्रोताला ए ते एफ अशी प्रत, माहितीला १ ते ६. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा, १ म्हणजे दुसरीकडून पडताळलेली बातमी. दोन्ही एकत्र लिहायचं, उदाहरणार्थ बी-३. गंमत शेवटच्या घरात आहे. एफ म्हणजे वाईट नव्हे, ‘अजून सांगता येत नाही’. सहाचंही तसंच. पोरं हमखास एफला सगळ्यात खाली ढकलतात आणि नव्या माणसाची पहिलीच खरी बातमी कचऱ्यात जाते.

भरवशाचा माणूसही चुकीचं पाहू शकतो, म्हणून दोन प्रती. आणि तीन ठिकाणांहून आलेली बातमी तीन जणांनी पाहिलेली असतेच असं नाही. एक फोटो तीन ग्रुपवर फिरून तुमच्याकडे तीनदा आला तर तो एकच निरीक्षक. नोंदीत ‘मूळ कुणी पाहिलं’ हा रकाना त्यासाठीच आहे. सरावात अज्ञात गाडीबद्दल एकच अफवा दोन मित्रांकरवी पाठवा, खोलीतला तिला ‘पडताळलेली’ म्हणतो का ते दिसेल.

सहावी पायरी: दारावरची तपासणी

सोलापुरी चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवरून विणणाऱ्या जेकार्ड मागाला एका कार्डावर भोक चुकलं, की नक्षी जितक्यांदा फिरेल तितक्यांदा तीच चूक विणली जाते. डेटाचंही तसंच, तो आत शिरतो तिथंच अडवायला हवा. तपासण्या फार लागत नाहीत. ठिकाण सरावाच्या हद्दीत आहे का? वेळ भविष्यातली तर नाही? आधीच्या जागेवरून इथं इतक्या वेळात पोचणं शक्य आहे का? सात रस्त्यावरची मोटरसायकल वीस सेकंदांत अशोक चौकात दिसली, तर दोन नोंदींपैकी एक चूक आहे किंवा गाड्या दोन आहेत. अशी नोंद फेकू मात्र नका. तिला संशयाची खूण लावून बाजूला ठेवा आणि माणसाला दाखवा, कारण युद्धात विचित्र दिसणारी नोंद कधीकधी नेमकी खरी असते.

रिकामी जागा, शून्य आणि आपोआप भरलेला आकडा, या तीन गोष्टींची सरमिसळ सगळ्यात घातक. ३ जून १९८० ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातून वरच्या मुख्यालयांना क्षेपणास्त्रं येत असल्याचे इशारे गेले. आकडे मिनिटामिनिटाला बदलत होते, कधी २, कधी २२०. लाइन चालू आहे हे तपासायला ते केंद्र सतत हल्ल्याच्याच नमुन्यातला निरोप पाठवत असे, फक्त क्षेपणास्त्रांच्या जागी शून्यं. एक स्वस्तातली चिप बिघडली आणि शून्यांच्या जागी दोन उमटू लागले. चाचणीचा निरोप खऱ्या निरोपाच्या कपड्यात पाठवायचा नाही, हे तिथं शिकले.

दुसरी गोष्ट ५ डिसेंबर २००१ ची, अफगाणिस्तानातली. विमानाला लक्ष्याचे निर्देशांक द्यायला वापरलेल्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली गेली. चालू होताच यंत्रानं पडद्यावर स्वतःची जागा दाखवली, लक्ष्याची नव्हे. तेच आकडे वर गेले आणि अमेरिकेचा दोन हजार पौंडी बॉम्ब त्यांच्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या बाजूचे अफगाण लढवय्ये मेले. यंत्रात बिघाड नव्हता, ते बनवल्याप्रमाणेच चाललं. म्हणून आपोआप भरलेला प्रत्येक आकडा वेगळ्या रंगात दाखवा आणि माणसानं ‘होय, हाच’ म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. लक्ष्य आणि आपली जागा एकच निघाली तर यंत्रणेनं बोंब मारावी, ही ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात.

याच घरातला तिसरा भाऊ म्हणजे ‘उत्तर आलं नाही’. ओळख विचारली आणि उत्तर आलं नाही, तर नोंद ‘अज्ञात’ अशी व्हावी, ‘शत्रू’ अशी नव्हे. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ पाडलं. हवाई दलाचे सहाजण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती मोठी चूक होती हे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं.

सातवी पायरी: पडदा

१९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई संरक्षणाकडे संगणक नव्हता, तरी डेटाच्या दर्जाची शिस्त आजच्या कित्येक ॲप्सपेक्षा कडक होती. रडार केंद्रांकडून येणाऱ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या नोंदी बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये आधी चाळल्या जात आणि मगच पुढे जात. ऑपरेशन्स रूमच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे तुकडे रंगवलेले. मिनिटकाटा ज्या रंगावर, त्या रंगाची खूण टेबलावर ठेवायची. वरून पाहणाऱ्याला न विचारता कळायचं की ही बातमी ताजी, ती शिळी.

हेच उचला. ठिपका पाच मिनिटं गडद, दहा मिनिटं फिका, पुढे पोकळ वर्तुळ, आणि वर्तुळ वेळेबरोबर मोठं होत जाऊ द्या, कारण गाडी तेवढ्या वेळात कुठंही गेली असेल. मर्यादा पहिल्या पायरीच्या कागदावरून घ्या. संशयित नोंदीला तुटक रेघ. रंगांधळ्या माणसालाही कळेल असा आकारातला फरक ठेवा.

उरलेलं थोडक्यात, पण वगळू नका. जुन्या याद्यांना मुदत घाला. ७ मे १९९९ ला बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर बॉम्ब पडले आणि तीन चिनी पत्रकार मेले. दूतावास १९९६ मध्येच नव्या जागी गेला होता, टाळायच्या ठिकाणांच्या याद्यांत मात्र जुनाच पत्ता होता. प्रत्येक यादीवर शेवटची तपासणी केव्हा झाली आणि यादीचा धनी कोण हे लिहिलेलं असू द्या. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणजे कुणाचीच नाही. सरावाचा डेटा खऱ्या यंत्रणेत कधीही चालवू नका: ९ नोव्हेंबर १९७९ ला त्याच अमेरिकी केंद्रात सरावाचा हल्ला चालू यंत्रणेत चढला आणि काही मिनिटं सगळे खऱ्याच हल्ल्याच्या तयारीला लागले. आणि शत्रू जीपीएसला फसवू शकतो, तेव्हा ठिकाणाचा एकतरी पुरावा उपग्रहावर न अवलंबणारा ठेवा, उदाहरणार्थ डोळ्यांनी दिसणारी खूण. सिद्धेश्वर तलाव तुमच्या डाव्या हाताला आहे की उजव्या, एवढं विचारलं तरी पुष्कळ भानगडी निस्तरतात.

शेवटी मोजा. सराव संपला की नकाशावरचे कुठलेही दहा ठिपके चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येकाचा माग मूळ निरीक्षकापर्यंत काढा. किती उशिरा आले, किती दोनदा मोजले गेले, किती चुकीच्या जागी होते, किती आलेच नाहीत. त्या निरीक्षकाला समोर बसवून विचारा, ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सगळं ‘ठीक’च कळवेल. आमच्या पोरांच्या पहिल्या फेरीत एक ठिपका दुपारभर पार्क चौकात गडद उभा होता, आणि खोलीतल्यानं त्याच्या भरवशावर दुसरी मोटरसायकल लांब पाठवली होती. माग काढला तेव्हा कळलं, गड्याच्या मोबाइलची बॅटरी बारालाच संपली होती आणि तो घरी जाऊन जेवून झोपला होता.